हक्क नाकारले जातात तेव्हा गावाचे काय होते? (सीमाभागापुरती चर्चा)

मार्कंडेयकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सीमाभागावर आपल्याकडे चर्चा होते ती बहुधा १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या किंवा १७ जानेवारीच्या हुतात्मा दिनाच्या आसपास, आणि ती दरवेळी नकाशापाशी येऊन थांबते. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला व महाराष्ट्राने तो फेटाळला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. एवढे आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. सीमा कुठे असावी हा वाद या धाग्यापुरता बाजूला ठेवावा, अशी विनंती आहे. एखाद्या समाजाला वर्षानुवर्षे हक्क नाकारले गेले की त्या समाजाच्या वागण्यात काय फरक पडतो, एवढाच प्रश्न मला मांडायचा आहे.

नाडकचेरीच्या (गावपातळीवरच्या महसूल कार्यालयाच्या) बाहेर सकाळी अर्धा तास उभे राहिले तरी पुरे. विधवा वेतनाचा अर्ज घेऊन साठीची बाई येते. अर्ज कन्नडमध्ये, सोबतची सूचना कन्नडमध्ये, आणि खिडकीतल्या माणसाला मराठी कळत असले तरी तो ती बोलणार नाही, कारण बोलला तर त्यालाच कोणीतरी जाब विचारील. बाई बाजूच्या झेरॉक्सच्या दुकानात जाते. तेथे बसलेला एजंट अर्ज भरतो, अंगठा घेतो, पैसे घेतो आणि ‘अक्का, पुढच्या सोमवारी या’ असे सांगतो. तो वाईट माणूस नसतो. पुष्कळदा आपल्याच गल्लीतला असतो. पण सरकारकडून जे हक्काने मिळायचे, ते त्याच्या ओळखीने मिळाले अशी त्या बाईची समजूत होते, आणि पंचायतीची निवडणूक लागली की हाच एजंट उमेदवार म्हणून किंवा उमेदवाराचा माणूस म्हणून दारात उभा राहतो. हक्क नाकारल्याने नुसती गैरसोय होते असे म्हणणे अपुरे आहे. त्या जागी मध्यस्थांची एक फळी तयार होते, आणि तक्रार करण्याची सवय मोडून ओळख शोधण्याची सवय लागते.

दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. ज्यांना वरून नकार मिळतो, तेच लोक आपल्या गावात, देवस्थानच्या पंच कमिटीत, वाटणीच्या बैठकीत खालच्याला तसाच नकार देतात, आणि तो देताना त्यांना आपला अपमान आठवत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याच तालुक्यातील होस वंटमुरीत जे घडले ते सर्वांना माहीत आहे. मुलगा एका मुलीबरोबर निघून गेला म्हणून त्याच्या आईला घरातून ओढून काढले, विवस्त्र करून खांबाला बांधले व मारहाण केली. ती १० डिसेंबरनंतरची रात्र होती. म्हणजे मानवी हक्क दिन नुकताच उलटला होता. त्याच आठवड्यात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचे अधिवेशन चालू होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मुख्य न्यायमूर्ती होते प्रसन्न वराळे, जन्माने निपाणीचे. आरोपींच्या बरोबरीने, नुसते पाहत उभे राहिलेल्या गावकऱ्यांवरही खंडपीठाने बोट ठेवले. लॉर्ड विल्यम बेंटिंकच्या काळातील सामूहिक दंडाचा दाखला देऊन बघ्यांकडूनही वसुली व्हावी, असे न्यायालयाने सुचवले.

हे प्रकरण मराठी-कन्नड वादाचे नाही, हे ठाऊक असूनच मी ते येथे आणत आहे. ‘आपण कशाला मध्ये पडा’ ही वृत्ती ज्या मातीत रुजते, ती माती तयार करण्यात नाडकचेरीच्या खिडकीचा वाटा किती, हा माझा प्रश्न आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे.

जुना_कार्यकर्ता

धागाकर्त्यांची तळमळ समजते, पण मांडणी मला मान्य नाही. एका गावातील फौजदारी गुन्हा आणि एका राज्याने अनेक दशके राबवलेले धोरण यांना एका दावणीला बांधले की सर्वाधिक सुटका राज्याची होते. गुन्हेगाराला शिक्षा होते, निदान खटला तरी चालतो. धोरणावर खटला कोणी चालवायचा?

तपशील पाहू. घटनेच्या ३५० अ या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करावी, असे राज्यांना सांगितले आहे. हा अनुच्छेद १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आला, म्हणजे ज्या फेररचनेने आपण इकडे आलो तिचेच हे जुळे भावंड. एका वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले असली तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा, हे सूत्र तर त्याहून जुने, १९४९ चे. १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरले की ज्या तालुक्यात किंवा नगरपालिकेत १५ टक्के वा अधिक लोक अल्पसंख्य भाषा बोलतात, तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत. खानापुरात आणि बेळगाव तालुक्यात मराठी माणसे १५ टक्के आहेत की नाहीत, हे सांगायला शिरगणतीचीही गरज नाही. बाजारात एक फेरी मारली तरी कळते.

आणि मिळाले काय? १९८६ मध्ये कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन झाले, तेव्हा गोळ्या मिळाल्या. हिंडलग्याच्या स्मारकापाशी १ जूनला आजही लोक जमतात. २००५ मध्ये बेळगावच्या लोकनियुक्त महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, तर बंगळुरात महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला काळे फासले गेले आणि महापालिकाच बरखास्त झाली. ठराव पटला नसेल तर तो फेटाळता आला असता. ठराव करणारी सभाच काढून टाकणे हे मतदाराला दिलेले उत्तर होते. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ असे लिहिलेला फलक काढला आणि त्यापाठोपाठ पोलिसांनी गावकऱ्यांना लाठ्यांनी झोडपले. फलक बेकायदा होता असे क्षणभर धरून चालू. त्यासाठी माणसांना मारण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने मिळतो?

तेव्हा पंच कमिट्यांचे दोष जरूर काढावेत, पण ते काढत बसल्याने मूळ प्रश्न सौम्य होतो, ही माझी तक्रार नोंदवून ठेवावी.

मार्कंडेयकाठ

काका, आपली तक्रार नोंदवली. राज्याची सुटका व्हावी असा माझा हेतू नाही आणि येळ्ळूरबद्दल आपण म्हणता त्यातील शब्दही मला खोडायचा नाही. मात्र २००५ च्या ज्या उदाहरणाला आपण मतदाराला दिलेले उत्तर म्हणता, त्याचा पुढचा परिणाम मला लिहायला हवा होता, तो आपल्यामुळे आठवला. आपल्या मताने काही घडत नाही असे एकदा शहराला वाटले की मत विकायला संकोच उरत नाही.

भीमगड_पायथा

मी खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाचा. आमच्याकडे भाषेचा प्रश्न येतो तो रस्त्याच्या आणि दवाखान्याच्या मागून.

भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले. गावे त्याच्या आधीपासून आत आहेत. आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्टोली, तळेवाडी ही सर्व मराठी बोलणाऱ्यांची वस्ती. पावसाळ्यात ओढे भरले की आजारी माणसाला तिरडीसारख्या बांधलेल्या बांबूवर खांद्यावरून मैलोन्‌मैल आणावे लागते. जुलै २०२४ मध्ये आमगावच्या एका बाईला असेच आणले, त्याची छायाचित्रे सर्वत्र फिरली म्हणून लोकांना कळले. आम्हाला त्यात नवीन काही नव्हते. रस्ता मागितला की वनखाते म्हणते अभयारण्य आहे, आणि गाव सोडायचे म्हटले की लोक विचारतात, जमिनीचे काय?

येथेच २००६ चा वनहक्क कायदा येतो. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना त्याखाली दावा करायचा तर १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तेथे वास्तव्य असल्याचा पुरावा द्यावा लागतो. आमच्या घरच्या पत्र्याच्या पेटीतले कागद मुंबई इलाख्याच्या काळातले आहेत. काही मराठीत बाळबोध, काही मोडीत. ते घेऊन गेलो तर समोरचा तरुण कर्मचारी कागद उलटा धरून पाहत होता. त्याला दोष देत नाही. त्याला मोडी कोणी शिकवली? पण ‘कन्नड भाषांतर, तेही प्रमाणित, आणा’ असे सांगून त्याने अर्ज परत केला, आणि मोडी वाचून कन्नडमध्ये प्रमाणित भाषांतर करून देणारा माणूस खानापुरात कोठे बसतो हे त्यालाही सांगता येईना. कायद्यात वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून चालते आणि दाव्याची पहिली छाननी ग्रामसभेने करायची असते, हे आम्हाला फार उशिरा कळले. तोपर्यंत शेजारच्या दोन घरांनी नाद सोडून गोव्यात बिऱ्हाड केले होते.

जुना_कार्यकर्ता यांना एवढेच सांगणे आहे की आमच्या मागणीत भाषा, जमीन आणि दवाखाना वेगळे काढता येत नाहीत. तालुक्याच्या मोर्चात मात्र घोषणा एकाच गोष्टीची होते.

कृष्णाकाठची

बरेच दिवस हा मंच वाचते, लिहीत नाही. आज लिहिते आहे.

माझी आई जोगतीण होती. डोक्यात जट आली म्हणून तिला लहानपणी सौंदत्तीला नेऊन देवाला सोडले. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९२० मध्येच देवदासींबाबत कायदा केला होता, मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये झाला, आणि कर्नाटकात १९८२ मध्ये. इतके कायदे होऊनही माझ्या आईच्या बाबतीत ते कोणी वापरले नाहीत, कारण तक्रार करायची कोणी? आईबापांनीच सोडलेले, गावाने जेवण घेतलेले, पुढाऱ्याने नारळ वाढवलेला.

मला शाळेत घालताना अर्जात वडिलांचे नाव विचारले. आई गप्प राहिली. मुख्याध्यापकांनी चष्मा वर करून तिच्याकडे पाहिले, कारकुनाकडे पाहिले, आणि कारकून हसला. मग त्या रकान्यात आडवी रेघ मारली गेली. ती शाळा मराठी होती, गुरुजी मराठी होते आणि १ नोव्हेंबरला हाताला काळी फीत बांधून येणारे होते. दहावीच्या अर्जावर, जातीच्या दाखल्याला, शिष्यवृत्तीला तीच रेघ पुन्हा पुन्हा पुढे आली. प्रत्येक वेळी कारकून वेगळा होता, हसणे तेच होते.

मराठीवर अन्याय होतो हे मला मान्य आहे. माझ्या मुलीची शाळा पटसंख्या कमी म्हणून दुसऱ्या शाळेत मिसळायला निघाली आहे, त्याचा मलाही त्रास आहे. पण ‘आपली माणसे’ म्हणून मला मोर्चाला बोलावणाऱ्यांना एक विचारावेसे वाटते की त्या रेघेच्या वेळी ही माणसे कोणाची होती? एप्रिल १९२५ मध्ये बाबासाहेब निपाणीला बहिष्कृतांच्या परिषदेसाठी आले होते, हे आमच्या वस्तीत म्हाताऱ्यांना माहीत असते. गावाच्या मुख्य गल्लीत मात्र ते माहीत नसते.

निपाणकर

ताई, आपण लिहिलेत हे फार बरे झाले. थोडी भर घालतो.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत बायका दिवसभर धुळीत बसून काम करायच्या. हजेरी मालकाच्या मनावर, मजुरी मालकाच्या मनावर, आणि खोकला लागला की उद्यापासून येऊ नको. साधारण १९८० च्या सुमारास प्रा. सुभाष जोशी व सहकाऱ्यांनी त्यांची संघटना बांधली. किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी हे शब्द वखारीतल्या बायकांच्या तोंडी आले ते तेव्हा. माझी आत्या त्यांत होती. ती मराठी बोलायची, शेजारी बसणारी कन्नड, आणि देवदासी बायकाही त्याच ओळीत. त्यांच्या सभेत कोणती भाषा वापरायची यावरून भांडण झाल्याचे मी तरी ऐकले नाही, कारण प्रत्येकीला दुसरीची भाषा कामापुरती येत होती.

त्याच गावात १९८१ मध्ये तंबाखूच्या दरासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग रोखला आणि एप्रिलमध्ये गोळीबार झाला. मरणारे मराठीही होते, कन्नडही. सीमाप्रश्नाच्या हुतात्म्यांइतकी त्यांची आठवण निघत नाही, हे मला खटकते.

घटप्रभा

माझी मातृभाषा कन्नड. आजोळ गडहिंग्लजचे, त्यामुळे मराठी वाचतो व लिहितो. चुका असल्यास सांभाळून घ्यावे.

जुना_कार्यकर्ता यांनी अनुच्छेद ३५० अ चा उल्लेख केला. तोच अनुच्छेद अक्कलकोट आणि जत तालुक्यांतील कन्नड मुलांनाही लागू आहे आणि तेथील कन्नड शाळांचे शिक्षक रिक्त जागांबद्दल अगदी याच शब्दांत तक्रार करतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये जतमधील ४० गावांचा विषय कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी काढला, तेव्हा दोन्हीकडच्या वाहिन्यांनी तो भाषेचा करून टाकला. वास्तविक त्या गावांचा जुना ठराव पाण्यासाठी होता. टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाने ‘पाणी देत नसाल तर पलीकडे जातो’ म्हटले, आणि त्याच्या पाण्याचा हक्क बाजूला राहून त्याच्या निष्ठेची चौकशी सुरू झाली. पुढच्याच महिन्यात इकडे हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, दोन्ही राज्यांच्या बस थांबल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात तपासणीची तारीख असलेले आमच्या गावातील रुग्ण त्या दिवशी घरी बसले. त्यांत कन्नड किती व मराठी किती, हे कोणी मोजले नाही.

फलकांवर ६० टक्के कन्नड हवे, असा नियम २०२४ मध्ये आला. माझ्या भाषेचा मान वाढावा असे मलाही वाटते. परंतु दवाखान्यात औषध कधी घ्यायचे हे म्हातारीला तिच्या भाषेत सांगितल्याने कन्नडचा कोणता मान कमी होतो, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

जुना_कार्यकर्ता

घटप्रभा, आपल्या शेवटच्या परिच्छेदावर माझी सही समजावी. जतच्या बाबतीत महाराष्ट्र सरकारचा बचाव मी करणार नाही.

कृष्णाकाठची, आपल्या प्रश्नाला माझ्यापाशी बचाव नाही. काळी फीत बांधणारे ते गुरुजी आमच्यापैकीच कोणी असतील. तरीही संघटनेने एकच प्रश्न हाती घ्यावा, तो लावून धरावा, नाहीतर काहीच पदरात पडत नाही, हे माझे मत मी बदललेले नाही. वनहक्काचा, देवदासींचा, वखारीचा लढा त्या त्या लोकांनी उभारावा, आम्ही पाठिंबा देऊ.

भीमगड_पायथा

पाठिंबा द्यायला आमच्याकडे यायचे तर रस्ता लागतो, काका.

कॅम्पातला_वकील

चर्चा वाचली. तत्त्वाचा वाद चालू द्यावा. तीन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, कारण बरेचसे नकार केवळ ते लेखी नसल्यामुळे टिकून राहतात.

खिडकीवर तोंडी नकार मिळाला की तेथून तसेच परत येऊ नये. अर्ज आवक नोंदीत दाखल करून पोच मागावी, आणि अर्ज परत करत असाल तर कारण लिहून द्या, असे सांगावे. लिहून देत नसतील तर त्याच दिवशी तारीख, वेळ व खिडकी नमूद करून रजिस्टर पोस्टाने वरिष्ठांना पत्र पाठवावे. पत्र मराठीत चालते. अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे. उत्तर मराठीतच द्या असा हट्ट मात्र या अनुच्छेदावर धरता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

१९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याखाली राष्ट्रीय आयोगाकडे तक्रार करता येते. तिला शुल्क नाही आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, ती करता येते. घटना घडल्यापासून एक वर्ष उलटले की आयोगाला चौकशी करता येत नाही. ‘बघू, पुढच्या वर्षी सगळे मिळून देऊ’ या आपल्याकडच्या पद्धतीत निम्म्या तक्रारी येथेच बाद होतात. राज्य आयोगापुढे तेच प्रकरण आधीपासून असेल तर राष्ट्रीय आयोग ते घेत नाही, म्हणून दोन्हीकडे अर्ज टाकू नयेत. आयोग शिफारस करतो, आदेश देत नाही, ही त्याची मर्यादा आहेच. आदेश हवा असेल तर उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिका करावी लागते. बंगळुरूपर्यंत जाण्याची आता गरज नाही.

खर्चाची भीती असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते.

भीमगड_पायथा यांच्यासाठी: दावा कागदाच्या भाषेवरून परत केला असेल तर तो रीतसर फेटाळलेला नाही, असे माझे मत आहे. ग्रामसभेचा ठराव, वडीलधाऱ्यांची निवेदने आणि मोडी कागदांच्या छायाप्रती जोडून तो पुन्हा दाखल करावा. उपविभागीय समितीने फेटाळला तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागता येते. मोडी वाचणारे एक निवृत्त गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. निरोप पाठवा, गाठ घालून देतो.

भीमगड_पायथा

निरोप पाठवला आहे. शेजारच्या घरांचे कागदही सोबत आणू का?

कॅम्पातला_वकील

आणा. मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नका, छायाप्रतीच द्या. आणि गोव्याला गेलेल्यांनाही बोलावून घ्या. ग्रामसभेत त्यांच्या घरातले कोणीतरी हजर असलेले बरे.